तिसऱ्या शिरोलंबाची गोष्ट

मागच्या वेळी आपण युक्लिडच्या 'एलिमेंट्स'च्या चौथ्या पुस्तकापाशी थांबलो होतो. त्यातलं चौथं विधान त्रिकोणाच्या आत वर्तुळ बसवायला सांगतं, म्हणून दोन कोनदुभाजक काढले जातात. पाचव्यात परिवर्तुळ हवं, तिथे दोन बाजूंचे लंबदुभाजक येतात. तिसरी रेषाही त्याच बिंदूतून जाते हे सिद्धतेत जवळपास आलेलंच असतं, पण युक्लिड ते सांगायला थांबत नाही. त्याला केंद्र हवं होतं, ते दोन रेषांत मिळालं.

मग शिरोलंबांचं काय? तिन्ही शिरोलंब एकाच बिंदूत मिळतात, हे विधान 'एलिमेंट्स'च्या तेराही पुस्तकांत नाही. आम्हाला कारण साधं वाटतं. तो बिंदू ना बाजूंपासून समान अंतरावर, ना शिरोबिंदूंपासून. वर्तुळ काढायला तो कामाचाच नाही!

आपल्याकडे लंब आला तो मोजायला. 'लीलावती'त 13, 14, 15 बाजूंचा त्रिकोण आहे: 14च्या पायावर लंब 12, क्षेत्रफळ 84. त्याच्या कितीतरी आधी, 628 साली, ब्रह्मगुप्ताने लंबावरून थेट परिवर्तुळाची त्रिज्या काढली: दोन बाजूंचा गुणाकार भागिले लंबाची दुप्पट. करून बघा. 13 गुणिले 15 म्हणजे 195, भागिले 24, उत्तर 8.125. मात्र या सूत्राला एकच लंब पुरतो.

तिन्ही लंबांचा संपात वापरलेला दिसतो तो 'बुक ऑफ लेमाज'मध्ये, म्हणजे आर्किमिडीजच्या नावावरच्या, पण अरबीतून आपल्यापर्यंत आलेल्या संग्रहात. आणि सगळ्यात सोपी सिद्धता सांगितली जाते गाउसच्या नावाने, एकोणिसाव्या शतकातली. प्रत्येक शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढा. बाहेर दुप्पट बाजूंचा त्रिकोण तयार होतो आणि जुने शिरोबिंदू त्याच्या बाजूंचे मध्यबिंदू ठरतात. म्हणजे लहान त्रिकोणाचे शिरोलंब हेच मोठ्याचे लंबदुभाजक. ते एकत्र येतात हे तर चौथ्या पुस्तकातच आहे! सगळं सामान युक्लिडच्या घरात होतं, विचारणारा नव्हता.

ऑयलरने 1760च्या दशकात दाखवलं की परिकेंद्र, मध्यगासंपात आणि लंबसंपात एका रेषेत असतात, आणि दुसरं अंतर पहिल्याच्या दुप्पट असतं. 'लीलावती'चाच त्रिकोण घ्या. पायापासून या बिंदूंची उंची अनुक्रमे 4.125, 4 आणि 3.75. फरक 0.125 आणि 0.25.