तळटीप १७ : संयुक्त सूक्ष्मदर्शक

१७. संयुक्त सूक्ष्मदर्शक : वस्तूजवळ एक आणि डोळ्याजवळ एक, अशा दोन भिंगसंचांचे प्रयोगशाळेतले उपकरण. दोन्हींच्या वर्धनांचा गुणाकार म्हणजे एकूण वर्धन. १० पटींच्या नेत्रिकेखाली १०० पटींचे वस्तुभिंग असले की १,००० पट. मजकुरातले घोडबंदर हे वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावरचे गाव, आज मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत. तिथले तिवराचे पान, खाडीचा गाळ आणि काळा दगड ‘एकाच यंत्राखाली’ पाहिल्याचे लेखक म्हणतात, म्हणून थोडा खुलासा. तिवराच्या पानाच्या पातळ छेदात जास्तीचे मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी दिसतात. पानावर हात फिरवला की लागणारी खारट पूड त्यांचीच. चाळलेल्या गाळात फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांची कवचे सापडतात. गोड्या-खाऱ्या पाण्यानुसार त्यांच्या जाती बदलतात, त्यामुळे पूर्वी समुद्र कुठवर आत होता याचा अंदाज बांधता येतो. खाडीच्या अभ्यासात मला हे काम सर्वांत मोलाचे वाटते. काळ्या दगडाची, म्हणजे बेसॉल्टची, गोष्ट निराळी. त्याचा काप घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा करतात आणि ध्रुवित प्रकाशात पाहतात. त्यासाठी फिरता मंच असलेला वेगळा सूक्ष्मदर्शक लागतो. लेखकाच्या पुढच्या वाक्यातली ‘काचेवरची रक्ताची पट्टी’ हिवतापाच्या तपासणीची. रंगवलेल्या तांबड्या पेशींत परजीवी शोधताना १०० पटींच्या भिंगाखाली तेलाचा थेंब घालावा लागतो. रोनाल्ड रॉस यांना हा परजीवी डासाच्या जठरात २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत दिसला. — संपा.