सदनिकांच्या किमती, भारतातील

भारतातील शहरांत बहुमजली इमारतींमधील मालकी हक्काच्या घरांना मिळणारा भाव आणि त्यातील चढउतार. भाव प्रति चौरस फूट सांगण्याची रीत आहे. या बाजाराचे वैशिष्ट्य असे की मंदीतही छापील भाव सहसा उतरत नाही. तो वर्षानुवर्षे जागचा हलत नाही आणि घसरणीचे काम महागाई करते. समजा, २०१४ साली ८० लाखांना घेतलेला फ्लॅट २०२१ मध्ये ९० लाखांना विकला. कागदावर दहा लाखांचा नफा दिसतो. पण महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर तेव्हाच्या ८० लाखांची बरोबरी करायला सात वर्षांनी सुमारे १ कोटी १२ लाख लागतात. म्हणजे घराचे खरे मोल पाचव्या हिश्शाने घटले, तरी मालक ‘भाव वाढला’ असेच सांगतो. भारतात घरांचे भाव कधीच पडत नाहीत, ही समजूत अशा हिशेबावर उभी आहे.

मोजमाप : एकाच सदनिकेला निदान तीन किमती असतात. बिल्डर तोंडी सांगतो ती, नोंदणीकृत करारनाम्यात येते ती आणि मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरते ती, म्हणजे रेडी रेकनरची. पूर्वी यात चौथी, रोखीची किंमतही असे; ‘इतके व्हाइट, इतके ब्लॅक’ ही भाषा एजंटच्या ऑफिसात उघडपणे चाले. २०१६ ची नोटाबंदी आणि त्याच वर्षी कडक झालेला बेनामी व्यवहारांचा कायदा यांमुळे नव्या इमारतींत रोखीला बराच आळा बसला. जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीत ती पुरती गेली असे म्हणवत नाही.

क्षेत्रफळाचा घोळ वेगळाच. १,००० चौ. फूट सुपर बिल्टअपचा फ्लॅट ८,००० रुपये दराने ८० लाखांचा. जिना, लिफ्ट, लॉबी वजा जाता त्यात कार्पेट ६५० चौ. फूट निघाले, तर वापरायच्या जागेचा दर १२,३०० रुपयांच्या वर जातो. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अर्थात रेरा याने कार्पेट क्षेत्रावर विक्री बंधनकारक केली. त्यामुळे रेराच्या आधीचे व नंतरचे दर शेजारी ठेवून टक्केवारी काढणे फसवे ठरते.

राष्ट्रीय पातळीवर दोन सरकारी निर्देशांक आहेत. राष्ट्रीय आवास बँकेने २००७ मध्ये ‘रेसिडेक्स’ सुरू केला. त्याचा एक भाग कर्ज देणाऱ्या संस्थांनी केलेल्या मूल्यांकनावर आधारलेला आहे. रिझर्व्ह बँकेचा निर्देशांक निबंधक कार्यालयांतील दस्तांवरून काढला जातो. त्याच्या २०१०–११ पायाभूत वर्षाच्या मालिकेत मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, अहमदाबाद, लखनौ, जयपूर, कानपूर आणि कोची अशी दहा शहरे होती. पुणे आणि हैदराबाद ही इमारतींनी गजबजलेली शहरे तीत नव्हती, हे ‘देशभरातील भाववाढ’ वाचताना ध्यानात ठेवावे. खासगी सल्लागार संस्थांच्या अहवालांत बहुधा नव्या प्रकल्पांचे सांगितलेले दर असतात. स्वस्त घरे बांधणे कमी झाले आणि महागडे टॉवर वाढले, की कोणत्याही एका घराचा भाव न वाढताही सरासरी चढते.

इतिहास : १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाड्यासाठी इमारत बांधणे परवडेनासे झाले, पागडी, म्हणजे भाडेकरूकडून आगाऊ घेतली जाणारी ठोक रक्कम, फोफावली आणि मध्यमवर्ग मालकीच्या ब्लॉककडे व सहकारी गृहनिर्माण संस्थांकडे वळला. ही पद्धत कायद्याच्या चौकटीत आणणारा महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम १९६३ चा. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याचा हेतू साठेबाजी मोडण्याचा होता. प्रत्यक्षात जमीन खटल्यांत आणि सवलतींच्या फायलींत अडकली. केंद्राने तो १९९९ मध्ये आणि महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला. १९७७ साली गृहकर्ज देणारी एचडीएफसी स्थापन होईपर्यंत घर घ्यायचे ते बहुधा भविष्यनिर्वाह निधी, बायकोचे दागिने आणि नातेवाइकांची उसनवारी यांच्या बळावर.

उदारीकरणानंतर मुंबईत भाव भडकले आणि १९९५ च्या सुमारास शिखरावर पोहोचले. त्यानंतरची घसरण खरी होती, कागदावरही दिसणारी; ती नव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळली. तिची आठवण आजच्या खरेदीदाराला नाही. पुढे कर्जाचे दर उतरले, माहिती-तंत्रज्ञानातले पगार वाढले, २००५ मध्ये बांधकाम क्षेत्रातील परदेशी गुंतवणुकीचे नियम सैल झाले. हिंजवडी, व्हाइटफील्ड, गुडगाव या भागांचे रूप या वर्षांत पालटले. २००८ च्या जागतिक संकटाने भाव थोडा काळच दबले.

२०१४ नंतरची सहा-सात वर्षे मरगळीची. गुंतवणूकदारांनी घेऊन ठेवलेले फ्लॅट विकले जात नव्हते आणि नव्यांना गिऱ्हाईक नव्हते. नोएडा व ग्रेटर नोएडात घराचा ताबा न मिळालेली हजारो कुटुंबे हप्ताही भरत होती आणि भाडेही. तेथील आम्रपाली या बांधकाम समूहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये अर्धवट इमारती पूर्ण करण्याचे काम ‘एनबीसीसी’ या सरकारी कंपनीकडे सोपवले. २०१८ मध्ये ‘आयएल अँड एफएस’ या वित्तसंस्थेवर आलेल्या संकटाने बिल्डरांना मिळणारे कर्जही आटले. रखडलेल्या प्रकल्पांसाठी केंद्राने २०१९ मध्ये २५,००० कोटींचा ‘स्वामी’ निधी जाहीर केला.

इतके होऊनही छापील दर फारसे का उतरले नाहीत? बिल्डरने दर खाली आणला की आधी घेतलेले ग्राहक दारात उभे राहतात आणि बँकेकडे तारण ठेवलेल्या मालाचे मोल घटते. म्हणून तो दर तसाच ठेवून मॉड्युलर किचन देतो, पार्किंग देतो, मुद्रांक शुल्क स्वतः भरतो. रेडी रेकनरपेक्षा फार खाली विकल्यास फरकावर आयकराचा बडगा असतो, हेही एक कारण. किचन-पार्किंगच्या रूपातील सूट मात्र निर्देशांकात दिसत नाही.

कोविडनंतर चित्र पालटले. गृहकर्जाचे व्याज ज्याच्या मागे चालते तो रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आला. महाराष्ट्राने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणले आणि पुढील तीन महिने ते ३ टक्के ठेवले; निबंधक कार्यालयांत रांगा लागल्या. गोव्यात दिल्ली-मुंबईकरांच्या ‘सेकंड होम’ने स्थानिकांच्या आवाक्यातील घरे दुर्मीळ केली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५ टक्क्यांवर गेला, तरी भाव चढतेच राहिले. ५० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता ६.७ टक्क्यांना सुमारे ३७,९०० रुपये, तर ९ टक्क्यांना सुमारे ४५,००० रुपये पडतो. हा भार सर्वांत आधी स्वस्त घराच्या गिऱ्हाइकाला बाहेर ढकलतो. एप्रिल २०१९ पासून १ टक्का जीएसटीच्या सवलतीसाठी ‘परवडणाऱ्या’ घराची मर्यादा ४५ लाख आहे. मुंबईच्या हद्दीत या रकमेत म्हाडाच्या सोडतीबाहेर नवे घर शोधून पाहावे.

भाडे व किंमत : मोठ्या शहरांत वार्षिक भाडे घराच्या किमतीच्या साधारण २ ते ३ टक्के असते, गृहकर्जाचा दर त्याच्या तिप्पट. इतका फरक भाववाढीच्या अपेक्षेवरच टिकतो. अनेक मालक भाड्याच्या कटकटीपेक्षा कुलूप पसंत करतात. २०११ च्या जनगणनेत शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. त्याच देशात तेव्हा घरांची टंचाईही नोंदली जात होती. निव्वळ बांधकाम वाढवून किंमत आवाक्यात येईल, हा युक्तिवाद या आकड्यापुढे लंगडा पडतो.

आपल्या भागातील कल जाणून घ्यायचा तर वर्तमानपत्री टक्केवारीपेक्षा त्याच इमारतीतील अलीकडचे दस्त पाहावेत. महाराष्ट्रात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’मध्ये इंडेक्स टू पाहता येतो, त्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ आणि दस्ताची तारीख नोंदलेली असते.