चाळीचा रेडिओ, गल्लीचा फोन, मुलांचा टॅब

पैसे मोजून रेडिओ घरी आणला, तरी तो लगेच लावता येत नसे. आधी पोस्टात जाऊन लायसन्स काढावे लागे. खिडकीवर फी भरायची, पुस्तिकेत तिकिटे चिकटवून शिक्के मारून घ्यायचे आणि पुढच्या वर्षी तीच पुस्तिका घेऊन पुन्हा रांगेत उभे राहायचे. १९३३ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय बिनतारी संच बाळगणे हाच गुन्हा होता. गिरगावातल्या कारकुनाच्या घरी ही पुस्तिका रेशनकार्डाशेजारी जपून ठेवलेली असे. परळ-लालबागच्या बहुतेक खोल्यांत मात्र ती बराच काळ आलीच नाही, कारण तिथे रेडिओच नव्हता.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ते चालवणाऱ्या खासगी कंपनीची भिस्त वर्षाच्या दहा रुपये परवाना फीवर होती. गिरणी कामगाराच्या हातात तेव्हा महिन्याला तीस-पस्तीस रुपये पडत. त्यातून खोलीभाडे, खाणावळ आणि गावाकडची मनिऑर्डर भागवायची. शेकडो रुपयांचा संच त्याने घ्यावा तरी कसा? तीन वर्षांत देशभरातून आठ हजारही परवाने निघाले नाहीत. कंपनी बुडाली आणि १९३० मध्ये सरकारला प्रसारण आपल्या हाती घ्यावे लागले. ज्या शहरात लाखभराहून जास्त माणसे एका धंद्यात राबत होती, तिथे त्या माणसांपर्यंत न पोचणारे यंत्र तगले नाही.

यंत्राची परळ-लालबागच्या या गिरणगावाला नवलाई नव्हती. लालबागला आजही गॅस कंपनीची गल्ली आहे. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे पहिल्यांदा लागले ते ऑक्टोबर १८६५ मध्ये, कोटाच्या आणि भेंडीबाजाराच्या बाजूला. विजेवरची ट्राम १९०७ मध्ये धावली. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून वीज आली, ती गिरण्यांसाठी. साचे विजेवर फिरू लागले, आणि पाळी संपवून कामगार घरी परतला की खोलीत रॉकेलची चिमणी मिणमिणत असे. अभ्यासाला बसणारा मुलगा महापालिकेच्या दिव्याखाली जाऊन बसे. गिरणगावात यंत्र आधी कारखान्यात येई, मग रस्त्यावर, आणि घरात सर्वांत शेवटी. वीज पुरवणारी बेस्ट ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, महापालिकेच्या मालकीची झाली.

घर आणि कारखाना यांच्यामधली एक जागा सरकारने त्याआधीच उभी करायला घेतली होती. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. मजूर खात्याचे काम संसदीय सचिव म्हणून गुलझारीलाल नंदा पाहत होते. १९३९ मध्ये मुंबई सरकारने कामगार कल्याण केंद्रांसाठी पहिल्यांदाच १ लाख २० हजार रुपयांची तरतूद केली. पुढे १९५३ मध्ये मुंबई कामगार कल्याण निधी कायदा झाला आणि केंद्रांचा कारभार स्वतंत्र मंडळाकडे गेला. डिलाईल रोड आणि नायगावची ललित कला भवने याच मंडळाची. मंडळाचा मुख्य पत्ता एल्फिन्स्टनचे, म्हणजे आताच्या प्रभादेवीचे, हुतात्मा बाबू गेनू मुंबई गिरणी कामगार क्रीडा भवन.

हा निधी उभा राहिला तो कामगारांच्याच पैशातून. उशीर झाला, कापडात खोट निघाली, की पगारातून दंड कापला जाई. तो दंड या निधीत जमा व्हायचा. शिवाय कामगार गावी गेला आणि परतला नाही, वारला, नोकरी सोडून गेला, की त्याचा न उचललेला पगार गिरणीच्या तिजोरीत पडून राही. तोही निधीत घ्यावा, असे कायद्यात होते. गिरणीमालकांना हे मान्य नव्हते. बॉम्बे डाइंग विरुद्ध मुंबई राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने दंडाची तरतूद उचलून धरली आणि न उचललेल्या पगाराची तरतूद रद्द ठरवली. मग सरकारला कायदा दुरुस्त करावा लागला. केंद्रातल्या कॅरमबोर्डामागे, वर्तमानपत्रांमागे, रेडिओमागे एवढा झगडा होता.

केंद्रात गेले की काय मिळे? वाचायला ताजी वर्तमानपत्रे, खेळायला मोकळी जागा, लहानग्यांसाठी शिशुमंदिर, नाटकाच्या तालमीला दिवाणखाना आणि बायकांसाठी शिवणवर्ग. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे राहत असताना शिवणयंत्र ठेवायचे कुठे, हा प्रश्न पैशाइतकाच जागेचा होता. यंत्र केंद्रात असल्याने तो सुटला. दुपारी पुरुष पाळीवर गेले, भांडी झाली, की बायका वर्गाला येत. पायटा मारत सरळ टीप घालायला शिकत, मग झबली, परकर-पोलके, आणि शेवटी ब्लाउज. शिकवायला बाई असत आणि शेवटी प्रमाणपत्र मिळे. यंत्र, जागा आणि शिकवणारे माणूस ही तिन्ही एका छपराखाली होती. घरी यंत्र घेण्याची ऐपत नसलेल्या बाईलाही ते चालवता येऊ लागले.

रेडिओचेही तसेच झाले. मुंबई आकाशवाणीवर कामगारांसाठी ‘कामगार सभा’ हा खास कार्यक्रम असे आणि बायकांसाठी ‘वनिता मंडळ’. टेकाडे भावोजींची ‘प्रपंच’ ही श्रुतिका लागली की एका संचाभोवती अख्खा मजला गोळा व्हायचा. एकत्र ऐकण्याचा प्रयोग सरकारने खेड्यातही केला होता. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून दीडशे गावांतल्या शेतकरी श्रोतामंडळांसाठी कार्यक्रम झाले. मंडळी जमत, ऐकत, ऐकलेल्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. रेडिओ वाटला आणि काम संपले, असे तिथे धरले नव्हते.

पुढे ट्रान्झिस्टर आला, वायर आणि प्लगची अट गेली आणि रेडिओ खोलीत शिरला. लायसन्सची कटकट तरीही उरलीच. ती ऐंशीच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने संपली. साध्या, एक-दोन बँडच्या संचांना आधी सूट मिळाली, मग सगळ्यांनाच. गरिबाच्या हाती माहितीचे साधन द्यायचे म्हणताना त्याच्याकडून पन्नासेक वर्षे वार्षिक फी घेत राहायची, या धोरणातली विसंगती दूर व्हायला एवढा काळ गेला.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झाले. दिल्लीनंतरचे हे देशातले दुसरे केंद्र. वरळीचा मनोरा परळ-लालबागच्या गच्चीवरून दिसायचा. चित्र स्वच्छ येई, पण संच परवडत नसे. टीव्हीलाही वर्षाला पन्नास रुपये लायसन्स होते. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक टीव्ही बसवले गेले. शहरातल्या कामगारवस्तीसाठी तशी योजना नव्हती. ते काम चाळीने केले. मजल्यावर एकाकडे टीव्ही आला की गुरुवारी ‘छायागीत’च्या वेळी त्याचे दार सताड उघडे. पोरे पुढे जमिनीवर, बायका कॉटवर आणि भिंतीला टेकून, पुरुष उंबऱ्याबाहेर गॅलरीत, आणि दाराशी चपलांचा ढीग. ज्या घरात टीव्ही, त्या घराची जेवणे त्या दिवशी उशिरा होत. ‘गजरा’ असो की ‘कामगार विश्व’, एका संचावर चार-पाच कुटुंबांचे भागे.

१९८२ हे वर्ष गिरणगाव विसरलेले नाही. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले आणि नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई खेळांचे रंगीत प्रक्षेपण झाले. देश रंगीत संचांकडे वळत असताना इथे पितळेची भांडी मोडीत निघत होती. कित्येक घरे तेव्हा बायकांच्या खाणावळींवर, पोळीभाजीच्या डब्यांवर आणि शिवणकामावर तगली. सरकारी केंद्रात फावल्या दुपारी शिकलेली टीप अशा घरांत मिळकतीचा आधार झाली.

टेलिफोनची गोष्ट याहून लांबलेली. मुंबईत पहिली दूरध्वनी विनिमय केंद्रे जानेवारी १८८२ मध्ये उघडली. १९४३ मध्ये सरकारने खासगी कंपनी ताब्यात घेतली, १९८६ मध्ये महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले. शंभर वर्षे उलटली तरी सामान्य घराला फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे नंबरची वाट पाहावी लागे. त्या काळातल्या अर्जांवर, लग्नपत्रिकांवर, बायोडाटावर फोन नंबरापुढे ‘पी. पी.’ लिहिलेले सापडते. नंबर वाण्याचा किंवा खालच्या डॉक्टरांचा, आणि निरोप तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतांचा किंवा परबांचा. दुकानातला पोऱ्या खालून हाक मारी, गॅलरीत डोके दिसे आणि मग धावत जिना उतरणे. नोकरीचा कॉल आणि गावाकडची वाईट बातमी याच वाटेने येत.

सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि देशी बनावटीची विनिमय केंद्रे बनू लागली. त्यानंतर पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ गल्लोगल्ली उभे राहिले. बूथ देताना अपंग व्यक्तींना प्राधान्य होते. त्यामुळे एका खुर्चीएवढ्या जागेत एका माणसाचा संसार चाले आणि अख्ख्या गल्लीला फोन मिळे. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव होई. त्या वेळी बूथबाहेर रांग लागे. आत काचेपलीकडे लाल आकडे पळत असत आणि बोलणाऱ्याचा डोळा त्यांच्यावर असे. तान्ह्याचे बारसे ठरले, शेताची कामे झाली, पैसे पोचले, एवढे सांगून फोन ठेवायचा. खर्च बोललेल्या वेळेपुरता, आणि तो समोर दिसायचा. महिन्याच्या भाड्याचा बोजा नव्हता. गरीब कुटुंबांना दूरध्वनी देण्याचा सरकारी प्रयत्न सर्वांत सफल झाला तो घराबाहेरच्या या खोक्यात.

मोबाईल आल्यावर बूथ गेले. साधन प्रत्येकाच्या खिशात आले आणि खर्चही ज्याचा त्याच्यावर आला. संगणकाचा मार्ग थोडा निराळा राहिला. २००१ पासून महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या (एमकेसीएल) एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने दादर-परळच्या मुलांना फी भरून का होईना, की-बोर्डवर बसवले. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत हे प्रमाणपत्र मागितले जाई, म्हणून आईबाप पैसे काढून ठेवत. ज्याला यंत्र घरी हवे, तो लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जुळवून घेई.

२०१५ मध्ये महापालिकेने आपल्या शाळांतल्या आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. पहिल्या खेपेला त्यांची संख्या वीस हजारांहून जास्त होती. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून अभ्यासक्रम टॅबमध्येच भरलेला. पालिकेच्या शाळेत येणारी मुले म्हणजे घरकाम करणाऱ्या, टॅक्सी चालवणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या माणसांची मुले. त्यांच्या हातात नवाकोरा टॅब येणे ही मोठी गोष्ट होती, आणि ती व्हायलाच हवी होती. पण २०१८ मध्ये आठवीची पाठ्यपुस्तके बदलली आणि आतला मजकूर जुना ठरला. चार्जर बिघडला, काच फुटली, तर दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न वाटपाच्या दिवशी कुणी विचारत नाही. डिलाईल रोडच्या शिवणवर्गात यंत्राला तेल घालणारे, सुई बदलून देणारे माणूस जागेवर असे. त्या माणसाची जागा टॅबच्या योजनेत रिकामी राहिली. इंटरनेटसाठी जानेवारी २०१७ मध्ये ‘आपले सरकार मुंबई वाय-फाय’ पाचशे ठिकाणी सुरू झाले. १ मेपर्यंत बाराशे ठिकाणांचे उद्दिष्ट होते. ते मात्र रस्त्यावर उभे राहून वापरायचे साधन. एका खोलीत दोन भावंडांना वर्ग असतील तर त्याने काम भागत नाही.

हे २०२० मध्ये उघडे पडले. करोनामुळे शाळा बंद झाल्या, वर्ग फोनवर आले. घरात फोन एक, तोही वडिलांचा, आणि वडील कामावर. डेटा संपला की तास संपला. तेव्हा धावून आला तो वरळीचा जुना टीव्हीच. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका लागली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती तयार केली होती. ४८० भाग, बालभारतीच्या पाठांवर. त्यासाठी ना रिचार्ज लागत होता, ना पासवर्ड. ज्या घरात आजी-आजोबांनी ‘गजरा’ पाहिला, तिथे नातवंडे त्याच वाहिनीवर गणित आणि परिसर अभ्यास शिकली.

यंत्राजवळ माणूस लागते, हे पुन्हा दिसले. २०२३ मध्ये म्हाडा या सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाने घरांसाठी अर्ज केलेल्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांची आणि वारसांची कागदपत्रे तपासायला घेतली. कागद संकेतस्थळावरून किंवा मोबाईल ॲपवरून अपलोड करायचे होते. गिरणीचा पास, हजेरी पत्रक, तिकीट नंबर, भविष्य निर्वाह निधीची पावती. सत्तरी-ऐंशीतल्या माणसांनी ट्रंकेतून ती काढली. नातवंडांनी त्यांचे फोटो घेतले. ज्यांना ते जमणारे नव्हते, त्यांच्यासाठी वांद्र्याला कागद प्रत्यक्ष घेण्याची सोय ठेवली होती. तिथे प्लास्टिकच्या पिशवीत चाळीस वर्षांपूर्वीचा पास घेऊन म्हातारी माणसे रांगेत उभी राहिली, आणि खिडकीपलीकडे कागद पाहून घेणारे माणूस होते.