पंडिता रमाबाई यांची ख्रिस्तनिष्ठा आणि पंथभेदाचा प्रश्न

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म एका स्वरूपात आला नाही. अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनने काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्या स्थापन केल्या. नाशिकजवळच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या द्वारे आंग्ल चर्चचे कार्य चालले. जालना येथे नारायण शेषाद्री यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने काम केले, तर कोल्हापूर भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी होते. परिणामी मराठी ख्रिस्ती माणसाचा पंथ बहुधा त्याच्या तात्त्विक निवडीतून ठरत नसे. आपल्या गावी कोणते मिशन आधी पोहोचले यावर तो ठरत असे. युरोपातील धर्मसुधारणेच्या काळात उद्भवलेले वाद ज्यांच्या इतिहासाचा भाग नव्हते, त्यांच्या नित्य जीवनात त्या वादांच्या सीमारेषा अशा रीतीने आल्या.

या सीमारेषांविषयी जाणीवपूर्वक आणि स्पष्ट शब्दांत प्रश्न उपस्थित करणाऱ्या आरंभीच्या मराठी ख्रिस्ती व्यक्तींमध्ये पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांच्या धर्मांतराची चर्चा सामान्यतः हिंदू समाजाच्या प्रतिक्रियेच्या संदर्भात केली जाते. धर्मांतरानंतर ख्रिस्ती समाजांतर्गत त्यांना जो संघर्ष करावा लागला, त्याकडे त्या मानाने कमी लक्ष दिले गेले आहे. रमाबाईंची पंथातीत भूमिका ही सिद्धान्तांविषयीची उदासीनता नव्हती. ती स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीचा अधिकार राखण्याची भूमिका होती, आणि त्या भूमिकेला काही मर्यादाही होत्या, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

वाँटेज येथील बाप्तिस्मा

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने पुराणे व व्याकरण यांचे अध्ययन घरीच केले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पतीच्या निधनानंतर १८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. पुण्यात कार्य करणाऱ्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाशी त्यांचा परिचय झालेला होता. त्याच संघाच्या वाँटेज येथील मठात त्या राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयात नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, यांच्या लेखनाचा वाटा होता, असे रमाबाईंनी स्वतः नमूद केले आहे. गोरे हे आंग्ल चर्चमधील उच्चचर्च प्रवाहाचे, म्हणजे धर्मगुरूंचे अधिकार व संस्कारविधी यांना विशेष महत्त्व देणारे होते. वाँटेजचा भगिनीसंघही त्याच प्रवाहातील होता. त्यामुळे ही विदुषी भारतात परतून आपल्या संघाच्या कार्यास बळ देईल, अशी अपेक्षा निर्माण होणे स्वाभाविक होते. रमाबाईंनी मात्र ख्रिस्ताचा स्वीकार आणि एका विशिष्ट चर्चच्या शिस्तीचा स्वीकार या दोन गोष्टी एकच मानल्या नाहीत.

पत्रव्यवहारातून दिसणारा संघर्ष

१८८४ ते १८८६ या काळात रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवीत व स्वतः अध्ययन करीत होत्या. या काळात त्यांचा वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी विस्तृत पत्रव्यवहार झाला. सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवलेली ही पत्रे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. रमाबाईंच्या धर्मविचाराच्या अभ्यासासाठी हे अत्यंत मौलिक साधन आहे.

या पत्रांतील वाद तीन पातळ्यांवर चालतो. पहिली पातळी सिद्धान्ताची आहे. त्रैक्याची कल्पना, ख्रिस्ताचे देवत्व आणि बाप्तिस्म्याचा नेमका अर्थ यांविषयी रमाबाईंना शंका होत्या, आणि त्या त्यांनी लपविल्या नाहीत. पवित्र शास्त्रात जे स्पष्टपणे आढळत नाही ते केवळ चर्चच्या परंपरेने सांगितले म्हणून मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या.

दुसरी पातळी अधिकाराची आहे. आज्ञाधारकता हा सिस्टर जेराल्डिन यांच्या दृष्टीने श्रद्धेचाच अंश होता आणि नवदीक्षिताने चर्चच्या मार्गदर्शनापुढे नम्र व्हावे अशी त्यांची अपेक्षा होती. यावर रमाबाईंचे उत्तर असे की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपण ख्रिस्ताच्या आज्ञा पाळण्याचे वचन देवासमोर दिले आहे. धर्मगुरूंच्या मुखातून येणारा प्रत्येक शब्द देववाणी मानण्याचे वचन दिलेले नाही. भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून कष्टाने मुक्त झाल्यावर तशाच दुसऱ्या जोखडाखाली मान देण्याची आपली इच्छा नाही, असेही त्यांनी स्पष्टपणे कळविले. आपण ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीचे सभासद आहोत, ही त्यांची धारणा येथे प्रथम सुस्पष्ट होते.

तिसरी पातळी संस्कृती आणि लिंगभाव यांची आहे. लॅटिन अक्षरे कोरलेल्या क्रुसाचा प्रश्न निघाला तेव्हा, जी भाषा आपणास व आपल्या भारतीय भगिनींना कळत नाही ती का, आणि संस्कृत का नाही, असा प्रश्न त्यांनी केला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा विषय निघाला तेव्हा भारतातील अँग्लिकन बिशपांनी प्रतिकूल मत दिले. अशा अध्यापनामुळे मायदेशातील त्यांचा प्रभाव कमी होईल, असे कारण सांगण्यात आले. आपल्या वडिलांनी किंवा पतीने ज्याला कधी हरकत घेतली नाही त्याला इतरांनी घ्यावी, याचे आश्चर्य रमाबाईंनी व्यक्त केले.

या सर्व प्रकरणात डोरोथिया बील यांची भूमिका लक्षणीय ठरते. त्याही आंग्ल चर्चच्याच अनुयायी होत्या. परंतु रमाबाईंच्या शंका हा अविनय नसून प्रामाणिक जिज्ञासा आहे, हे त्यांनी ओळखले आणि आज्ञेऐवजी चर्चेचा मार्ग स्वीकारला. एकाच चर्चमधील दोन स्त्रियांचे हे दोन प्रतिसाद असे सूचित करतात की, स्वीकार आणि नकार यांची रेषा नेहमी पंथापंथांमधूनच जाते असे नाही. पुष्कळदा ती एकाच पंथाच्या आतून जाते.

अमेरिकेतील अनुभव

१८८६ च्या आरंभी रमाबाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. तेथील पंथबाहुल्याने इंग्लंडमध्ये पडलेला प्रश्न अधिकच तीव्र केला. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या देशांतील मतमतांतरांचा गोंधळ पाहून आपली स्थिती कशी झाली, याचे वर्णन त्यांनी पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साक्षीत केले आहे. त्यांना हिंदू धर्मातील संप्रदायांची आठवण झाली आणि कोणत्याही एका पंथात सामील होण्यास त्यांचे मन तयार होईना.

मात्र याच देशाने पंथातीत सहकार्याचा व्यवहार्य नमुनाही त्यांच्यासमोर ठेवला. १८८७ मध्ये बॉस्टन येथे 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन होते. उपाध्यक्षांमध्ये एपिस्कोपल चर्चचे फिलिप्स ब्रुक्स आणि मेथॉडिस्ट कार्यकर्त्या फ्रान्सिस विलर्ड यांचा समावेश होता. त्रैक्य मानणारे व न मानणारे येथे एका कार्यासाठी एकत्र आले. या आर्थिक पाठबळाचे महत्त्व केवळ दानाच्या रकमेपुरते नव्हते. कोणत्याही एका मिशनवर अवलंबून नसल्यामुळेच रमाबाई आपले धार्मिक स्वातंत्र्य टिकवू शकल्या. श्रद्धेच्या स्वातंत्र्याला आर्थिक आधाराची गरज असते, हे यातून दिसून येते.

श्रद्धेचे दुसरे वळण

रमाबाईंच्या श्रद्धेचा प्रवास शंकेवर थांबला नाही. १८९१ च्या सुमारास आंग्ल धर्मगुरू विल्यम हॅस्लम यांचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. धर्मगुरू असूनही आपणास खरा पालट अनुभवास आला नव्हता, ही हॅस्लम यांची कबुली त्यांना आपलीच वाटली. आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाचे विधान त्यांनी साक्षीत केले आहे. यापुढे त्यांचा भर मतांगीकाराच्या कलमांपेक्षा पश्चात्ताप, तारण आणि ख्रिस्ताशी व्यक्तिगत नाते यांवर राहिला. एका अँग्लिकन व्यक्तीच्या अनुभवाने त्यांना अँग्लिकन चौकटीबाहेरील श्रद्धेची वाट दाखविली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

पंथातीतता आणि धर्मनिरपेक्षता

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. १८९० मध्ये ते पुण्यास हलविण्यात आले. सदनात धर्मोपदेश केला जाणार नाही असे धोरण होते, आणि म्हणूनच न्या. महादेव गोविंद रानडे व रा. गो. भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळात काम केले. परंतु रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस मुली उपस्थित राहू लागल्यावर वाद उद्भवला. 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या घटनेचे मूल्यमापन करताना दोन संकल्पनांची गल्लत टाळली पाहिजे. ख्रिस्ती पंथांमध्ये भेद न करणे आणि सर्व धर्मांविषयी तटस्थ राहणे या भिन्न भूमिका आहेत. रमाबाईंनी पहिली भूमिका आयुष्यभर जपली. दुसरी मात्र त्यांच्या वाढत्या व्यक्तिगत श्रद्धेशी सुसंगत राहिली नाही. आपली प्रार्थना दार लावून करण्यास त्यांनी नकार दिला, तो त्यांच्या दृष्टीने सचोटीचा भाग होता. विश्वास ठेवून मुली पाठविणाऱ्या पालकांच्या दृष्टीने तो वचनभंग होता. एका दिशेने व्यापक झालेली श्रद्धा दुसऱ्या दिशेने दरी निर्माण करू शकते, ही वस्तुस्थिती अभ्यासकाने दृष्टीआड करता कामा नये.

केडगाव येथील मुक्ती

१८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनंतर केडगाव येथील मुक्ती सदनात शेकडो निराधार स्त्रिया व मुले आली. येथे निरनिराळ्या पंथांतील व देशांतील कार्यकर्त्यांनी सेवा केली. मिनी अब्राम्स या मूळच्या अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनरी त्यांपैकी एक. १९०५ मध्ये मुक्ती येथे जे आध्यात्मिक जागरण झाले, त्याची वार्ता अब्राम्स यांच्या पुस्तिकेद्वारे दूरवर पोहोचली. चिली देशातील पेंटेकोस्टल चळवळीच्या उगमाशी तिचा संबंध जोडला जातो. मुक्तीतील काही स्त्रियांना अन्यभाषेत बोलण्याचा अनुभव आला. रमाबाईंनी तो नाकारला नाही. पण तो प्रत्येक श्रद्धावंताची कसोटी ठरवून नवी भिंतही उभारली नाही.

त्यांचे अखेरचे मोठे कार्य म्हणजे हिब्रू व ग्रीक मुळांवरून केलेला बायबलचा मराठी अनुवाद. साध्या स्त्रियांना कळेल अशी भाषा हे त्याचे सूत्र होते आणि वेदान्ती अर्थच्छटा असलेले संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. १९२२ मध्ये त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये तो संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. मात्र मराठी मंडळ्यांत बायबल सोसायटीचाच पाठ रूढ राहिला. पंथाविना केलेल्या कार्यास पंथांची वितरणव्यवस्था व मान्यता सहज मिळत नाही, ही या भूमिकेची एक मर्यादा होय.

समकालीन व उत्तरकालीन संदर्भ

रमाबाईंचा मार्ग एकाकी नव्हता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कविवर्य नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' या बंधुसंघाची कल्पना मांडली. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त अपेक्षित होते. रमाबाईंनी पंथांमधील भिंती ओलांडल्या, तर टिळकांनी मंडळीच्या उंबरठ्यालाच हात घातला. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. रमाबाईंची मुक्ती मात्र टिकली, कारण तिच्यामागे शेती, उद्योग, शाळा व छापखाना असलेली संस्था होती.

संस्थात्मक पातळीवर पंथैक्य यथावकाश आले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट व मेथॉडिस्ट परंपरांतील मंडळ्या त्यात सामील होत्या. बाप्तिस्म्याच्या भिन्न पद्धतींना एकाच चर्चमध्ये स्थान देण्यात आले. व्यक्तीने जे सदसद्विवेकाच्या बळावर केले ते मंडळ्यांनी दीर्घ वाटाघाटींनंतर घटनेच्या कलमांत आणले.

निष्कर्ष

रमाबाईंच्या उदाहरणावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पंथभेद न मानणे म्हणजे विचार न करणे नव्हे. त्यांनी प्रत्येक सिद्धान्त तपासूनच स्वीकारला वा बाजूस ठेवला. त्यांच्या स्वातंत्र्याला शास्त्राचे स्वतंत्र वाचन, बहुपंथीय आर्थिक आधार आणि स्वतःची संस्था हे तीन आधार होते. यांपैकी एकही नसता तर ते स्वातंत्र्य केवळ पत्रांत राहिले असते. तसेच परस्परस्वीकारासाठी मतैक्याची पूर्वअट आवश्यक नसते, हे बील यांच्या वर्तनाने दाखविले.

आंग्ल चर्चच्या आजच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस शास्त्राच्या अनुवादक म्हणून पंडिता मेरी रमाबाई यांच्या स्मरणार्थ राखलेला आहे, आणि अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चही ५ एप्रिल रोजी त्यांचे स्मरण करते. ज्या चर्चच्या वतीने त्यांच्याकडून आज्ञाधारकतेची मागणी झाली, त्याच चर्चने त्यांना आपल्या पूजनीय व्यक्तींत स्थान दिले. हा स्वीकार त्यांच्या शंकांचे निरसन झाले म्हणून आलेला नाही. त्या शंकांसह जगलेल्या जीवनाची फळे पाहून तो आला आहे.