मान मोडून काम

मराठी भाषेने मानेवर फार मोठा भार टाकला आहे. मान ताठ असली तर माणूस स्वाभिमानी, खाली गेली तर शरमलेला. मान डोलावली की होकार झाला. शरीराच्या या अवयवाला आणि समाजाने दिलेल्या आदराला आपण एकाच शब्दाने ओळखतो. कष्टाची परमावधी सांगायची असली की आपण अभिमानाने म्हणतो, "मान मोडून काम केले!" पण मान खरोखर कशाने मोडते, आणि आजवर कोणाकोणाची मोडली, हे कोणी सांगत बसत नाही. फराळाबरोबर तोही इतिहास थोडा चाखून पाहू या.

दुखणे जुनेच आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'मन्यास्तंभ' म्हणजे मान आखडण्याचा विकार वर्णिलेला आहे. दिवसा झोपणे, वेडेवाकडे बसणे, एकसारखे वर पाहत राहणे अशी अगदी घरगुती कारणे तिथे दिली आहेत. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसणाऱ्याने धड, मान आणि डोके एका रेषेत ठेवावे असे सांगितले आहे. तिकडे फ्रान्समध्ये निकोला आंद्री या वैद्याने १७४१ साली मुलांची शरीरे सरळ कशी वाढवावीत यावर ग्रंथच लिहिला. आज आपण ज्यांना ऑर्थोपेडिक डॉक्टर म्हणतो, त्यांचे नाव त्याच ग्रंथातून निघाले.

आपले जुने कारकूनही या बाबतीत अगदीच अडाणी नव्हते. मोडी लिहिणारा गादीवर बसे, पण कागद जमिनीवर ठेवीत नसे. एक गुडघा उभा करून त्यावर कागद धरी, नाहीतर उतरत्या झाकणाची लाकडी पेटी पुढे ओढी. मान तरीही वाके, पण थोडी कमी. डोळे कागदाकडे नेण्यापेक्षा कागद डोळ्यांकडे आणावा, एवढे शहाणपण त्या पेटीत होते.

हे झाले बसणाऱ्यांचे. चालणाऱ्यांचे पाहायचे तर शिरवण्यास यावे. नव्या मुंबईतले हे आगरी-कोळी वस्तीचे जुने गाव. गावाच्या नावातच 'शिर' आहे; व्युत्पत्तीकार काय म्हणायचे ते म्हणोत! १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे या गावांभोवती शहर उभे राहिले. त्यापूर्वी खाडीकाठचा हा सारा पट्टा भातशेती, मासेमारी आणि मिठागरे यांवर जगे. मासळीची पाटी बाईच्या डोक्यावरून बाजाराला जाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी आणि खाली मान सरळ. वाकली तर पाटीच खाली यायची!

या सरळपणाची किंमत शास्त्रज्ञांनी मोजली आहे. केनियातील लुओ स्त्रिया आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके ओझे डोक्यावरून नेतात, तेव्हा त्यांना जवळजवळ जादा शक्ती खर्चावी लागत नाही, असे १९८६ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. माणसाच्या मानेत सात मणके. जिराफाच्याही मानेत सातच! त्या सात चकत्यांची उतरंड नीट उभी असली तर भार हाडे पेलतात. ती पुढे कलली की स्नायूंना दिवसभर दोरी ओढून धरावी लागते. मग मान आखडते, डोके दुखते, खांदे भरून येतात.

पण पाचवा हिस्सा कुठे आणि शंभर किलोचे पोते कुठे! सातारा जिल्ह्यातून आणि घाटावरच्या गावांतून मुंबईला आलेल्या हजारो माणसांनी दाणाबंदर, मस्जिद बंदर इथे तसली पोती डोक्यावरून आणि पाठीवरून वाहिली. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार यांसाठी मंडळे आली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९६७ साली, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती. पुढे मुंबईचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्यास आले. म्हणजे शिरवण्याच्या अगदी शेजारी. शाळकरी मुलांच्या बाबतीतही २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतच असावे असे ठरवले.

म्हणजे डोक्यावरच्या आणि पाठीवरच्या ओझ्याला माणसाने हळूहळू मापात आणले. राहिले ते खुद्द डोके. त्याचे वजन सुमारे पाच किलो. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणित मांडले, की डोके साठ अंश पुढे झुकले तर मानेच्या कण्यावर सुमारे सत्तावीस किलोंचा ताण येतो. हा आकडा गणिताचा आहे, प्रत्येकाच्या मानेवर काटा लावून काढलेला नाही. तरीही वर्गात मोबाइलवर वाकलेली पोरे पाहिली, की मला दाणाबंदरची पोती आठवतात. फरक एवढाच, की माथाड्याला पोटासाठी वाकावे लागे आणि त्याचे ओझे मुक्कामाला पोचले की उतरे. आमच्या ओझ्याला मुक्कामच नाही, आणि त्याला मर्यादा घालील असा कायदाही नाही.

उपाय जुन्या कारकुनाचाच. यंत्र डोळ्यांसमोर उचलून धरावे. करंज्या लाटायच्या त्या जमिनीवर वाकून न लाटता पोळपाट उंचावर घ्यावा. रांगोळी काढताना अधूनमधून उठून दारातल्या आकाशकंदिलाकडे पाहावे.

आणि भाजणीची डाळ, लाडवाचा रवा, करंजीची साखर यांतले पुष्कळसे तुर्भ्याच्या बाजारातून, कोणाच्या तरी माथ्यावरून आपल्या घरी येते. दिवाळीच्या गर्दीत तो माणूस पोते घेऊन समोरून आला, तर आधी वाट त्याला द्यावी. त्याची मान मोकळी व्हायला अजून दहा पावले असतात.