पांढरा ढीग, तपकिरी ढीग

न्योमाच्या पुढे, साडेतेरा हजार फुटांच्या वर पोस्टिंग होती, तेव्हाची गोष्ट. जूनअखेरीस गाडी तापली म्हणून चांगपा मेंढपाळांच्या एका तंबूपाशी थांबलो. बाहेर आबी-ले, म्हणजे आजी, शेळीचे पाय बांधून लोखंडी फणीने तिचा पश्म काढत होती. "जुले" म्हणून शेजारी बसलो. तिने माझ्यापुढे एक पोते सरकवले. निवड!

निवड पहिली रंगाची. पांढरा वेगळा, तपकिरी वेगळा. पांढऱ्यावर कोणताही रंग चढतो म्हणून त्याला भाव जास्त. मी एक पुंजका पांढऱ्या ढिगात टाकला, तिने न बोलता उचलून दुसरीकडे ठेवला. त्यात दोन-तीनच काळसर तंतू होते. मग लांबी: चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी ताणायचे. मग राठ केस किती, माती किती. खरा पश्म बारा ते पंधरा मायक्रॉनचा, आपला केस त्याच्या चार-पाच पट जाड. राठ केस निघाल्यावर पोत्यातले निम्मेही उरत नाही. व्यापारी येतो तो पोते झटकून आधी वाळू पाहतो. आबी-ले हे सांगताना हसली, म्हणजे वाळू कधीतरी तिनेही घातली असावी.

या पुंजक्यासाठी राज्ये भांडली आहेत. १६८४च्या तिंगमोसगंगच्या तहाने पश्चिम तिबेटचा पश्म लडाखमार्गे काश्मीरलाच जाणार असे ठरले. आपल्याकडे पेशवाईत मानाने दिली जाणारी शालजोडी त्याच मालाची. (आता 'शालजोडीतला' फक्त टोमण्यापुरता उरला.) १८३४ मध्ये जम्मूच्या गुलाबसिंहाचा सेनापती जोरावरसिंह लडाखवर चालून आला. त्या धामधुमीत पश्म इंग्रजांच्या आश्रयाखालच्या बुशहरकडे, रामपूरला वळू लागला आणि जम्मूचा महसूल बुडू लागला. १८४१च्या स्वारीमागे इतर कारणे होतीच, पण हे मोठे होते. जोरावरसिंह मानसरोवराच्या पलीकडे तकलाकोटपर्यंत गेला आणि डिसेंबरात तिथेच मारला गेला. त्याच्या माणसांनी ऊब मिळावी म्हणून बंदुकांचे दस्ते जाळले, असे इतिहासात नोंदले आहे. त्या हवामानात गस्त घातलेल्या माणसाला हे खोटे वाटत नाही. १८४२च्या तहात सीमेबरोबर शालीची लोकर, पश्म आणि चहा जुन्या रिवाजाप्रमाणे लडाखमार्गेच यावा, हेही लिहिले गेले.

ढीग दोन झाले, गाडी थंड झाली. मी विचारले, पोरगा कुठे आहे? लेहला, टॅक्सी चालवतो. हिवाळ्यात पूर्वी जिथे शेळ्या न्यायचे, त्यातली काही कुरणे आता पलीकडे. बर्फ जास्त पडला की पिल्ले मरतात. पुढच्या वर्षी कंगवा कोण धरणार, हे मी विचारले नाही.

निघताना तिने मला विचारले, "तुझ्या घरी शेळ्या किती?" दोन म्हैशी आहेत म्हटल्यावर तिला माझी कीव आली.