कसब्याखालचा खडक आणि महाविद्यालयाची दोन दारे

फडके हौदापाशी आता सरकते जिने जमिनीखाली उतरतात. कसबा पेठ मेट्रो स्थानक सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. वर पुण्याची सर्वांत जुनी पेठ आहे, ग्रामदैवत गणपती आहे, लाल महाल आहे. खाली काँक्रीटच्या अस्तरामागे जो काळा खडक आहे, त्याचे वय मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षे. आठ-दहा शतकांचा इतिहास मिरवणाऱ्या कसब्याला हा शेजारी जरा अडचणीचाच.

या खडकाचे शिक्षण पुण्याच्या महाविद्यालयांत एका दाराने आले आणि ‘पर्यावरण’ दुसऱ्या दाराने. दोन्ही विषय एकाच जमिनीविषयी बोलतात, तरी त्यांची गाठ क्वचितच पडली. त्याची ही हकीकत. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

वर्ग भरण्यापूर्वीही खडकाचे ज्ञान होतेच. पाथरवटाला काळवथरी दगड कोठे सलग लागतो हे ठाऊक असे; विहीर खोदणाऱ्याला मुरूम कोठे संपतो आणि पाणी कोणत्या फटीतून येते हे कळे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत दगड-चुन्याचा भूमिगत नळ आणला गेला. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास ठेवले आणि शहरात हौद बांधले. नुसत्या उताराच्या बळावर मैलोगणती पाणी आणणाऱ्या त्या कारागिरांना जमिनीचा चढउतार नेमका कळत होता. तो त्यांनी कोणत्या पुस्तकात लिहून ठेवला नाही, इतकेच.

लिहून ठेवण्याचे काम प्रथम केले ते एका लष्करी अधिकाऱ्याने. विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ पासून दख्खनेत फिरत होते. पक्षी, पिके, लोकसंख्या, पाऊस, दिसेल ते त्यांनी नोंदले. एकावर एक आडवे पसरलेले खडकांचे थरही नोंदले आणि तो लेख १८३६ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या ग्रंथमालेत छापून आला. या थरांना ‘ट्रॅप’ म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना. सिंहगडाच्या बाजू दुरून पाहिल्या, तर नाव किती चपखल आहे ते पटते.

पुढे १८५४ साली पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. हेतू सरळ होता: इमारती, धरणे, कालवे, रेल्वे आणि पूल यांच्या कामांसाठी कनिष्ठ अधिकारी तयार करणे. त्याच सुमारास बोरघाटात काळा पाषाण फोडून रेल्वेचा चढ बांधला जात होता. तो १८६३ मध्ये खुला झाला. नंतर खडकवासल्याचे दगडी धरण उभे राहिले. १८८० मध्ये या संस्थेचे नाव ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाले. तेथेच शिकलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला आपली स्वयंचलित दारे बसवली.

येथे जरा थांबावेसे वाटते. १८६५ पासून जवळजवळ तीन दशके या संस्थेचे प्राचार्य असलेले थिओडोर कुक मूळचे रेल्वेचे अभियंते. परंतु त्यांचे नाव आज टिकून आहे ते मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथामुळे. खडक फोडणारी पिढी घडवणारा मनुष्य त्या खडकावर काय उगवते याची मोजदाद करीत होता. त्यांच्या संस्थेत मात्र ही दोन कुतूहले एका अभ्यासक्रमात नांदली नाहीत.

अभियंत्याला खडक हवा होता तो पाया म्हणून आणि माल म्हणून. भार पेलेल काय, पाणी झिरपेल काय, एवढे त्याचे प्रश्न. विसाव्या शतकात याच महाविद्यालयात डॉ. रा. बा. गुप्ते यांनी दख्खनच्या बेसाल्टचा या दृष्टीने अभ्यास केला आणि अभियांत्रिकी भूविज्ञानाचे त्यांचे पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती पडले. फर्ग्युसन महाविद्यालयात भूविज्ञान ही स्वतंत्र विद्याशाखा झाली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर या शिक्षणाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. शास्त्राचे मराठी नाव मात्र दीर्घकाळ ठरेना. भूगर्भशास्त्र, भूस्तरशास्त्र, भूशास्त्र, भूविज्ञान अशी चार नावे फिरत राहिली. ‘भूगर्भ’ म्हटले की लोकांना पोटातले सोने आणि पाणी आठवते, म्हणून तेच नाव लोकांत अधिक रुजले असावे, असा माझा तर्क.

मग १२ जुलै १९६१. पानशेतचे मातीचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची दगडी भिंत गेली आणि मुठेचे पाणी कसब्यासह नदीकाठच्या पेठांत शिरले. दोष खडकाचा नव्हता. काम अपुरे असताना पाणी साठवले गेले होते. सहा वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेला भूकंप झाला. येथे प्रश्न थेट खडकाचा होता. दख्खनचे पठार स्थिर आहे, असे तोवर शिकवले जाई. एवढेच नव्हे, तर धरणाच्या जलाशयाचा भूकंपाशी संबंध असू शकतो, याचे कोयना हे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण ठरले. बांधकाम जमिनीवर उभे राहते. ते जमिनीला बदलतेही, हे वर्गात सांगणे आता भाग पडले.

दुसरे दार उघडले ते न्यायालयाने. १९७२ ची स्टॉकहोम परिषद, १९८४ चे भोपाळ, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा अशी पार्श्वभूमी होती. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. विद्यापीठे हलली नाहीत. डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम देशभर लागू झाला. वाणिज्य असो, कला असो की विज्ञान, प्रत्येक पदवीधराला तो अनिवार्य.

त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले गेले पुण्यात. लेखक डॉ. एराक भरुचा, भारती विद्यापीठाच्या, १९९३ मध्ये सुरू झालेल्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेचे ते संचालक आणि व्यवसायाने शल्यविशारद. अभियंत्याने वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, शस्त्रवैद्याने पर्यावरणाचा. पुण्यात विषयांच्या भिंती ओलांडण्याचे काम व्यक्तींनी केले, अभ्यासक्रमांनी नव्हे.

कारण त्या अभ्यासक्रमात खडक कोठे आहे ते पाहावे. एकूण आठ घटक, पन्नास तासिका. खनिजे आणि भूजल ‘नैसर्गिक साधनसंपत्ती’त येतात. भूकंप आणि दरडी येतात त्या आपत्ती व्यवस्थापन म्हणून, आणि तेही ‘प्रदूषण’ या घटकाच्या शेपटीला. परीक्षेच्या आदल्या रात्री हा पेपर ‘काढलेल्या’ वाचकांना ती ओळ आठवतही नसेल.

३० जुलै २०१४ रोजी याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गेले. सुमारे दीडशे माणसे गेली. उतारावरचा कुजलेला बेसाल्ट, त्यावरची माती, अतिवृष्टी आणि जमिनीचा बदललेला वापर, यांतले निम्मे भूविज्ञानाच्या वर्गात शिकवतात आणि निम्मे पर्यावरणाच्या. बी.कॉम. झालेला सरपंच, तहसील कार्यालयातला कारकून, भूखंड विकणारा दलाल यांच्या वाट्याला यातले जे काही येते, ते त्या एका ओळीपुरते.

भूजलाचीही तीच गत. बेसाल्ट हा स्पंजासारखा नाही. पाणी त्याच्या सांध्यांत, सच्छिद्र थरांत आणि मुरमात राहते. त्यामुळे एका वाड्याच्या आडाला पाणी लागावे आणि शेजारचा कोरडा राहावा, हे येथे नवल नाही. १९९८ पासून पुण्यातच काम करणाऱ्या ‘ॲक्वाडॅम’ या संस्थेने गावकऱ्यांना आपल्या गावाखालचा जलधर ओळखायला शिकवले. पदवीच्या वर्गात जे साधले नाही, ते गावच्या विहिरीच्या काठावर साधले.

२०२३ मध्ये आयोगाने नवा आराखडा आणला. पर्यावरण शिक्षणाला आता चार श्रेयांक आहेत. जुन्या अभ्यासक्रमातील आठवा घटक मात्र मला अजून मोलाचा वाटतो. पाच तासिकांचे क्षेत्रकार्य, पंचवीस गुण: आपल्या परिसरातील नदी किंवा टेकडी पाहा, एक प्रदूषित जागा पाहा आणि लिहा. कसब्यातल्या विद्यार्थ्याला त्यासाठी बसची गरज नाही. फडके हौदापासून मुठेचा काठ चालत गाठता येतो. नदी आणि प्रदूषित जागा तेथे एकाच फेरीत पाहून होतात, आणि पाणी उतरलेले असले की पात्रात काळा खडकही दिसतो.